फंक्शनची किंमत काढणं आणि फंक्शन्स एकत्र करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञानाच्या गणितात संच आणि संबंध झाले की फंक्शन्स येतात आणि लगेच पाठोपाठ लिमिट. मधला हा धडा ‘सोपा आहे, सूत्रं घालायची’ म्हणून घाईने उरकला जातो. पुढे लिमिट, कंटिन्युइटी आणि डेरिव्हेटिव्ह अडायला लागलं, की मुलं परत इथेच येतात. त्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा गणित हातात घेतलेल्यांनी सतत विचारलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. पुस्तकात रोमन अक्षरं असतात. इथे चलांसाठी क्ष, य आणि त, तर फंक्शनच्या नावांसाठी फ, ग आणि ह वापरले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे क्ष ही वास्तव संख्या समजा.

१. फ(क्ष) म्हणजे फ गुणिले क्ष का नाही? कंस असला की गुणाकार, असंच शिकवलं होतं ना?

५(क्ष + २) मध्ये ५ ही संख्या आहे, म्हणून तिथे गुणाकार होतो. फ(क्ष) मधला फ ही संख्या नाही, ते एका नियमाचं नाव आहे. कंसात जे असेल त्याला हा नियम लावायचा, एवढंच ही खूण सांगते. ही पद्धत ऑयलर या गणितज्ञाने १७३४ मध्ये वापरली आणि तीच जगभर रूढ झाली. कंस गुणाकाराचा की फंक्शनचा, हे चिन्हावरून कळत नाही. कंसाआधीचं अक्षर काय म्हणून दिलं आहे ते पाहावं लागतं. म्हणून ‘फ हे फंक्शन आहे’ असं सांगणारी गणितातली पहिली ओळ कधीही गाळून वाचू नका.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवावीशी वाटते, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. फंक्शन म्हणजे नुसतं सूत्र नव्हे. सूत्र आणि त्यात कोणत्या संख्या घालायला परवानगी आहे ते, म्हणजे डोमेन, हे दोन्ही मिळून फंक्शन होतं.

२. किंमत घालणं सोपं वाटतं, तरी उत्तर चुकतं. नेमकं कुठे चुकत असेल?

शंभरातल्या बहुतेक वह्यांमध्ये ते ऋण चिन्हापाशी चुकतं. समजा फ(क्ष) = २क्ष² − ३क्ष + ५ आहे आणि फ(−२) काढायचं आहे. वहीत अशी ओळ दिसते: २ × −२² − ३ × −२ + ५. मग −२² चे −४ होतात, पुढचं ‘− ३ × −२’ घाईत −६ होतं आणि उत्तर −९ येतं.

आधी क्ष पुसून त्याच्या जागी रिकामे कंस लिहा: फ( ) = २( )² − ३( ) + ५. मग प्रत्येक कंसात −२ भरा: २(−२)² − ३(−२) + ५ = २ × ४ + ६ + ५ = १९. ही रिकाम्या कंसांची ओळ लिहायला पाच सेकंद लागतात. बारावीपर्यंत ती सोडू नका, असा माझा आग्रह आहे. क्ष ही फक्त जागा आहे आणि त्या जागेवर काहीही येऊ शकतं, हे त्या एका ओळीने हाताला कळतं.

३. क्षच्या जागी संख्या न येता (क्ष + २) आलं तर? फ(क्ष + २) म्हणजे फ(क्ष) + २ का?

नाही. आणि फ(क्ष) + फ(२) सुद्धा नाही. वरचंच फंक्शन घेऊ. कंसांत क्ष + २ भरलं की:

फ(क्ष + २) = २(क्ष + २)² − ३(क्ष + २) + ५ = २क्ष² + ८क्ष + ८ − ३क्ष − ६ + ५ = २क्ष² + ५क्ष + ७.

फ(क्ष) + २ = २क्ष² − ३क्ष + ७.

फ(२) = ७ आहे, म्हणून फ(क्ष) + फ(२) = २क्ष² − ३क्ष + १२.

खात्री करायची तर क्ष = १ घाला. तीन उत्तरं अनुक्रमे १४, ६ आणि ११ येतात. शंका आली की एक साधी संख्या घालून पाहायची, ही सवय परीक्षेत फार उपयोगी पडते.

फ(अ + ब) = फ(अ) + फ(ब) हे फ(क्ष) = ३क्ष अशा सरळ पटीच्या फंक्शनला लागू पडतं. वर्ग, वर्गमूळ, लॉग, साइन यांना ते लागू पडत नाही. ३क्ष + १ या साध्या फंक्शनलाही नाही, कारण डावीकडे १ एकदा येतो आणि उजवीकडे दोनदा.

४. [फ(क्ष + त) − फ(क्ष)] ÷ त असले प्रश्न कशाला विचारतात?

क्ष थोडा सरकला तर फ किती सरकतो आणि त्या दोहोंचं गुणोत्तर काय, हे त्यातून कळतं. त शून्याकडे नेला की हाच डेरिव्हेटिव्ह होतो, म्हणून ही तयारी आधीच करून घेतात.

आपल्या फंक्शनसाठी फ(क्ष + त) = २क्ष² + ४क्षत + २त² − ३क्ष − ३त + ५. त्यातून फ(क्ष) वजा केलं की ४क्षत + २त² − ३त उरतं आणि त ने भागल्यावर ४क्ष + २त − ३. त शून्य नाही, हे सोबत लिहा.

मधल्या टप्प्यावर एक चांगली तपासणी आहे. वजाबाकीनंतर उरलेल्या प्रत्येक पदात त असलाच पाहिजे. त नसलेलं एखादं पद शिल्लक राहिलं, तर वजा करताना पूर्ण फ(क्ष) भोवती कंस घातलेला नाही, हे जवळजवळ नक्की.

५. ‘फ(७) काढा’ आणि ‘फ(क्ष) = ७ असेल तर क्ष काढा’ यात फरक काय?

पहिल्यात ७ आत जातो: ९८ − २१ + ५ = ८२, एकच उत्तर. दुसऱ्यात ७ बाहेर आलेला आहे आणि आत काय गेलं होतं ते शोधायचं आहे. २क्ष² − ३क्ष + ५ = ७, म्हणजे २क्ष² − ३क्ष − २ = ०, म्हणजे (२क्ष + १)(क्ष − २) = ०. क्ष = २ किंवा −१/२. इथे दोन उत्तरं आली. कधी एकच येईल, कधी एकही येणार नाही.

६. सूत्रच दिलं नाही, फक्त तक्ता दिला आहे. मग फ(ग(३)) कसं काढायचं?

तक्त्यात दिलेल्या जोड्या हेच फंक्शन. समजा,

फ: १ → ३, २ → १, ३ → ४, ४ → २
ग: १ → २, २ → २, ३ → ५, ४ → १

ग(फ(३)) साठी आधी फ(३) = ४, मग ग(४) = १. उलट फ(ग(३)) साठी आधी ग(३) = ५, पण फ च्या तक्त्यात ५ नाहीच. म्हणून फ(ग(३)) ला किंमत नाही आणि तेच उत्तर लिहायचं. इथे पुष्कळ मुलं ‘छपाईची चूक असेल’ म्हणून काहीतरी अंदाजाने लिहितात. असा प्रश्न बहुधा मुद्दाम दिलेला असतो. त्यामागचा नियम प्रश्न १४ मध्ये आहे.

आलेख दिला असेल तर क्ष-अक्षावर ३ पाशी उभं राहून ग च्या आलेखाची उंची वाचायची. ती उंची क्ष-अक्षावर नेऊन तिथे फ ची उंची वाचायची.

७. दोन-तीन ओळींत तुकडे पाडून दिलेल्या फंक्शनमध्ये कोणती ओळ वापरायची?

ज्या ओळीची अट खरी ठरते ती, आणि तीच एक. समजा फ(क्ष) = क्ष + ४, जेव्हा क्ष < १ आणि फ(क्ष) = क्ष² − २, जेव्हा क्ष ≥ १. मग फ(१) दुसऱ्या ओळीतून −१ येतं. ‘दोन्ही ओळींत घालून बघितलं, ५ आणि −१ आलं, कोणतं घेऊ?’ असं विचारणाऱ्यांनी बरोबरीचं चिन्ह कोणत्या ओळीत आहे ते पाहावं.

फ(फ(०)) मध्ये अट दोनदा तपासायची. ० हा १ पेक्षा लहान, म्हणून फ(०) = ४. आता ४ हा १ पेक्षा मोठा, म्हणून दुसरी ओळ: १६ − २ = १४. पहिल्या वेळची ओळ दुसऱ्या वेळी डोळे मिटून वापरली तर ८ येतं आणि ते चूक आहे. सर्वसाधारण फ(फ(क्ष)) प्रश्न १९ मध्ये सोडवला आहे.

८. [−२.३] चं उत्तर −२ का नाही?

चौकोनी कंसातलं हे फंक्शन क्ष पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक देतं. −२ हा −२.३ पेक्षा मोठा आहे, म्हणून तो चालत नाही. उत्तर −३. संख्यारेषेवर नेहमी डावीकडे जायचं, शून्याकडे नव्हे. संगणकावर याचा जो घोळ होतो तो प्रश्न २१ मध्ये आहे.

९. दोन फंक्शन्सची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करताना डोमेनचं काय होतं?

(फ + ग)(क्ष) म्हणजे फ(क्ष) + ग(क्ष). बाकीच्या क्रियाही तशाच. बेरीज करायची तर दोन्ही संख्या हातात असल्या पाहिजेत, म्हणून दोन्ही डोमेनमध्ये सामाईक असलेले क्षच चालतात. भागाकारात शिवाय छेद शून्य करणारे क्ष काढून टाकायचे.

फ(क्ष) = √(क्ष − १) आणि ग(क्ष) = √(३ − क्ष) घ्या. पहिल्याला क्ष ≥ १ लागतं, दुसऱ्याला क्ष ≤ ३. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार १ ते ३ मध्ये, दोन्ही टोकं धरून. फ ÷ ग मात्र १ ≤ क्ष < ३, कारण ३ पाशी छेद शून्य होतो.

१०. √(क्ष − १) × √(क्ष − ४) मी एकाच वर्गमुळाखाली आणलं. मार्क का कापले?

डोमेन बदललं म्हणून. मूळ गुणाकारात दोन्ही वर्गमुळं स्वतंत्रपणे अस्तित्वात हवीत, म्हणजे क्ष ≥ ४. एकत्र केलेल्या √[(क्ष − १)(क्ष − ४)] मध्ये फक्त गुणाकार ऋण नसला की पुरतं, त्यामुळे क्ष ≤ १ सुद्धा चालतो. क्ष = ० घालून पाहा: एकत्र रूपात √४ = २ येतात, मूळ रूपात √(−१) शीच गाडी अडते. √अ × √ब = √(अब) हा नियम वास्तव संख्यांत अ आणि ब दोन्ही ऋण नसताना दिलेला आहे, पण लक्षात राहतो तो अटीशिवाय. एकत्र करायला हरकत नाही, शेजारी ‘क्ष ≥ ४’ लिहा.

११. (क्ष² − ४) ÷ (क्ष − २) आणि क्ष + २ ही एकच फंक्शन्स आहेत ना?

नाहीत. क्ष = २ सोडून सगळीकडे दोघांची किंमत सारखी आहे. २ पाशी पहिल्याला किंमत नाही, दुसऱ्याची ४ आहे. आलेख काढला तर तीच सरळ रेषा, फक्त (२, ४) या बिंदूशी एक छोटं रिकामं वर्तुळ. ‘एका बिंदूने काय बिघडतं?’ असं विचारलं जातं. लिमिटचा अख्खा धडा त्या एका बिंदूशी काय चाललं आहे याबद्दलच आहे.

यातून निघणारा नियम सगळ्या प्रकारांना लागू आहे: आधी डोमेन लिहा, मग सोपं रूप द्या. उलट क्रमाने केलं की काढून टाकलेला बिंदू नकळत परत आत येतो.

१२. फ ∘ ग मध्ये आधी कोण? आणि हे फ × ग पेक्षा वेगळं कसं?

(फ ∘ ग)(क्ष) = फ(ग(क्ष)). एकाचं उत्तर दुसऱ्याला देण्याच्या या क्रियेला कॉम्पोझिशन म्हणतात. क्षला जो चिकटून आहे तो आधी, म्हणजे ग. वाचताना फ आधी येतो म्हणून तोच आधी लावायचा असं वाटतं, पण काम आतून बाहेर होतं. गुणाकारात दोघांनाही तोच क्ष मिळतो. कॉम्पोझिशनमध्ये फ ला क्ष दिसतच नाही, त्याला ग ने दिलेलं उत्तर मिळतं. फ(क्ष) = क्ष + १, ग(क्ष) = क्ष² असेल तर गुणाकार क्ष³ + क्ष² आणि फ ∘ ग = क्ष² + १.

क्रमाने किती फरक पडतो ते बिलात पाहा. करापूर्वीची किंमत १,००० रुपये, कूपन २०० रुपयांचं आणि जीएसटी १८ टक्के. कूपनचं फंक्शन फ(क्ष) = क्ष − २००, कराचं ग(क्ष) = १.१८क्ष. आधी कूपन मग कर, म्हणजे ग(फ(१०००)) = १.१८ × ८०० = ९४४. आधी कर मग कूपन, म्हणजे फ(ग(१०००)) = ११८० − २०० = ९८०. फरक ३६ रुपयांचा, म्हणजे २०० रुपयांवरचा कर. विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट जीएसटी कायद्यानुसार करपात्र रकमेतून आधी वजा होते, म्हणून अशा बिलाचा हिशेब ९४४ चा.

आता कूपन २०० रुपयांऐवजी २० टक्क्यांचं करा: ०.८ × १.१८ × १००० आणि १.१८ × ०.८ × १०००. क्रम कोणताही घ्या, ९४४. असं का, ते पुढच्या उत्तरात.

१३. मग फ ∘ ग आणि ग ∘ फ कधीच सारखे नसतात का?

कधी कधी असतात, पण ते गृहीत धरता येत नाही. नुसत्या पटीची दोन फंक्शन्स (वरचे टक्के) नेहमी सारखी येतात. क्ष² आणि क्ष³ सारखे घातही: दोन्ही क्रमांनी क्ष चा सहावा घात. फंक्शन आणि त्याचं इन्व्हर्स (त्याने केलेलं काम उलटवणारं फंक्शन) यांचंही तसंच, दोन्हीकडे डोमेन जुळत असेल तर.

सरळ रेषांसाठी पूर्ण उत्तर देता येतं आणि ते मला फार आवडतं. फ(क्ष) = अक्ष + ब आणि ग(क्ष) = कक्ष + ड असेल, तर फ(ग(क्ष)) = अकक्ष + अड + ब आणि ग(फ(क्ष)) = अकक्ष + कब + ड. क्षचे सहगुणक आपोआप जुळले. अट उरली अड + ब = कब + ड एवढीच. २क्ष + १ आणि ३क्ष + २ तपासा: ४ + १ = ५, ३ + २ = ५. दोन्ही क्रमांनी ६क्ष + ५ येतं! याचं कारण असं की दोन्ही फंक्शन्स −१ या संख्येला जागची हलवत नाहीत. २(−१) + १ = −१ आणि ३(−१) + २ = −१. दोन्ही −१ पासूनचं अंतरच ताणतात, एक दुप्पट, दुसरं तिप्पट. टक्केवारीची फंक्शन्सही अशीच शून्याला जागच्या जागी ठेवतात. २०० रुपयांचं कूपन मात्र कोणत्याच संख्येला जागेवर ठेवत नाही.

१४. फ ∘ ग चं डोमेन काढताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. खात्रीची रीत सांगा.

दोन चाळण्या. पहिली: क्ष हा ग च्या डोमेनमध्ये आहे का? दुसरी: ग(क्ष) हा फ च्या डोमेनमध्ये आहे का? दोन्हीतून पार पडलेले क्ष म्हणजे उत्तर. शेवटच्या सोप्या रूपाकडे पाहून डोमेन लिहायचं नाही.

फ(क्ष) = १ ÷ (क्ष − १) आणि ग(क्ष) = १ ÷ क्ष. पहिल्या चाळणीत क्ष = ० गळतो. दुसरीत ग(क्ष) = १ चालणार नाही, म्हणजे क्ष = १ गळतो. फ(ग(क्ष)) सोपं केलं की क्ष ÷ (१ − क्ष) येतं. या रूपात ० घातला तर आरामात ० उत्तर मिळतं. पण मूळ रस्त्यावर ० ला ग नेच अडवलं होतं. उत्तर: ० आणि १ सोडून सर्व वास्तव संख्या.

प्रश्नात फ चं डोमेन क्ष ≠ १ असं दिसलं की बरीच मुलं फ ∘ ग साठीही थेट क्ष ≠ १ लिहितात. इथे योगायोगाने १ उत्तरात आहे, म्हणून चूक लपते. ग(क्ष) = २ ÷ क्ष घ्या. आता गळणारी संख्या २ आहे आणि १ बिनधास्त चालतो.

१५. वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खाऊन टाकतात ना? मग √(क्ष²) = क्ष लिहिलं तर चूक का?

क्ष = −३ घाला. वर्ग ९, त्याचं वर्गमूळ ३. आत −३ गेला होता, बाहेर ३ आला. म्हणून √(क्ष²) = |क्ष|, सर्व क्षसाठी. उलट क्रमाने (√क्ष)² = क्ष हे बरोबर आहे, पण फक्त क्ष ≥ ० साठी, कारण ऋण संख्या पहिल्याच पायरीवर अडते.

लॉगमध्ये हाच प्रकार वेगळ्या वेषात येतो. लॉग(क्ष²) ला शून्य सोडून कोणताही क्ष चालतो. २ लॉग क्ष ला फक्त धन क्ष. म्हणून पूर्ण बरोबर रूप २ लॉग |क्ष|.

१६. कॉम्पोझिशन अजिबात अस्तित्वात नसतं, असं होऊ शकतं का?

हो. फ(क्ष) = √क्ष आणि ग(क्ष) = −क्ष² − १. ग ची प्रत्येक किंमत −१ किंवा त्याहून कमी आहे, त्यातली एकही वर्गमुळाला चालत नाही. फ ∘ ग चं डोमेन रिक्त संच. ग ∘ फ मात्र व्यवस्थित आहे: −क्ष − १, क्ष ≥ ० साठी. शेवटच्या −क्ष − १ या रूपात क्ष ≥ ० ही अट दिसत नाही, हे प्रश्न १४ च्या संदर्भात लक्षात घ्या.

१७. फ(२क्ष − १) = ४क्ष² + ३ दिलं आहे. फ(क्ष) कसं काढू? आणि आतलं फंक्शन माहीत नसेल तर?

आतल्याला नवं नाव द्या. २क्ष − १ = य, म्हणजे क्ष = (य + १) ÷ २. घातलं की फ(य) = (य + १)² + ३ = य² + २य + ४. अक्षर कोणतंही चालतं, म्हणून फ(क्ष) = क्ष² + २क्ष + ४. तपासणी: क्ष = १ घातल्यावर मूळ ओळ सांगते फ(१) = ७ आणि १ + २ + ४ = ७.

बाहेरचं माहीत असेल तर समीकरण सोडवा. फ(क्ष) = ३क्ष − २ आणि फ(ग(क्ष)) = ६क्ष² + १ असेल, तर ३ग(क्ष) − २ = ६क्ष² + १, म्हणून ग(क्ष) = २क्ष² + १.

आता अवघड अपवाद. पहिला: उत्तर एकमेव नसू शकतं. फ(क्ष) = क्ष² आणि फ(ग(क्ष)) = क्ष² दिलं तर ग हा क्ष, −क्ष, |क्ष| यांपैकी काहीही असेल. दुसरा: फ सगळीकडे कळतोच असं नाही. फ(क्ष + १/क्ष) = क्ष² + १/क्ष² हा स्पर्धा परीक्षांचा लाडका प्रश्न. कंसाचा वर्ग करून फ(य) = य² − २ हे सगळे लिहितात. पण वास्तव क्षसाठी क्ष + १/क्ष ची किंमत −२ आणि २ यांच्या मध्ये कधीच येत नाही. त्यामुळे दिलेल्या माहितीवरून फ(१) काय हे सांगताच येत नाही. य² − २ च्या शेजारी |य| ≥ २ लिहिलं तरच उत्तर पुरं झालं.

१८. फ²(क्ष) म्हणजे वर्ग की दोनदा फ? आणि फ⁻¹ म्हणजे १ ÷ फ का नाही?

पुस्तकांत दोन्ही अर्थ सापडतात, म्हणून संदर्भ पाहावा लागतो. त्रिकोणमितीत साइन² क्ष म्हणजे साइन क्ष चा वर्ग. उच्च गणितात फ² म्हणजे बहुधा फ ∘ फ. −१ ची गोष्ट मात्र पक्की आहे: फंक्शनच्या नावावर आलेला −१ म्हणजे इन्व्हर्स. साइन⁻¹ ही खूण जॉन हर्शेल याने १८१३ मध्ये याच विचाराने आणली, की घात म्हणजे क्रिया किती वेळा करायची आणि −१ म्हणजे केलेली क्रिया उलटवायची. वर्गाची जुनी रीत तशीच राहिली आणि एकाच फंक्शनच्या डोक्यावर २ चा अर्थ एक, −१ चा दुसरा, अशी स्थिती झाली. स्वतः लिहिताना (फ(क्ष))² आणि (फ ∘ फ)(क्ष) असं स्पष्ट लिहा.

कॉम्पोझिशन उलटवताना क्रमही उलटतो: (फ ∘ ग)⁻¹ = ग⁻¹ ∘ फ⁻¹. सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना आधी १.८ ने गुणतो, मग ३२ मिळवतो. परत येताना आधी ३२ वजा, मग १.८ ने भागाकार. १०४ अंश फॅरनहाइट ताप असेल तर ७२ ÷ १.८ = ४० अंश सेल्सिअस.

१९. फ(फ(क्ष)) काढताना पानंच्या पानं भरतात. काही सोपं आहे का?

अपूर्णांकाच्या प्रकारात आहे. फ(क्ष) = (३क्ष + २) ÷ (५क्ष − ३) घ्या. फ(फ(क्ष)) लिहिल्यावर अंश आणि छेद दोन्ही लगेच (५क्ष − ३) ने गुणा. अंश: ३(३क्ष + २) + २(५क्ष − ३) = १९क्ष. छेद: ५(३क्ष + २) − ३(५क्ष − ३) = १९. उत्तर क्ष. हे योगायोगाने झालेलं नाही. अंशातला क्षचा सहगुणक ३ आणि छेदातली स्थिर संख्या −३ एकमेकींच्या विरुद्ध असल्या की असं होतं, फक्त अंश आणि छेद एकमेकांच्या पटीत नसावेत. ही जोडी प्रश्नात दिसली की उत्तराचा अंदाज आधीच येतो. डोमेनमधून ३/५ वगळायला विसरू नका.

तुकड्यांच्या फंक्शनमध्ये मात्र कष्ट टळत नाहीत. प्रश्न ७ मधल्या फ साठी:

क्ष < −३ असेल तर क्ष + ४ ही १ पेक्षा लहानच राहते, म्हणून क्ष + ८.
−३ ≤ क्ष < १ असेल तर (क्ष + ४)² − २.
१ ≤ क्ष < √३ असेल तर क्ष² − २ ही १ पेक्षा लहान, म्हणून क्ष² + २.
क्ष ≥ √३ असेल तर (क्ष² − २)² − २.

दोन तुकड्यांचे चार झाले. नव्या सीमा −३ आणि √३ कुठून आल्या? पहिल्या फेरीचं उत्तर जिथे नेमकं १ होतं, तिथून. आधी त्या सीमा शोधा, मग सूत्रं लिहा.

२०. मोठं फंक्शन तोडून फ ∘ ग च्या रूपात लिहा म्हणतात. माझं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही.

जुळायलाच हवं असं नाही. √(३क्ष² + १) साठी ग = ३क्ष² + १ आणि फ = √क्ष चालतं, तसंच ग = क्ष² आणि फ = √(३क्ष + १) सुद्धा. पुढे चेन रूल (कॉम्पोझिशनचा डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) वापरायचा असेल तर पहिली फोड सोयीची. ग = क्ष घेऊन सगळं फ मध्ये कोंबलं तर ते खोटं नाही, पण त्याने काही साधतही नाही आणि परीक्षकही ते धरत नाहीत.

२१. वहीत −४ आणि संगणकावर ४. कोणाचं बरोबर?

बीजगणिताच्या संकेतानुसार −२² = −४, कारण घात आधी, ऋण चिन्ह नंतर. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत -२**२ लिहिलं तर −४ येतं (तिथे ** म्हणजे घात). एक्सेलच्या खान्यात =-२^२ लिहिलं तर ४ येतं, कारण एक्सेल ऋण चिन्ह आधी लावतं. −क्ष² चा तक्ता एक्सेलमध्ये करणाऱ्यांचा आलेख उलटा, वर उघडणारा दिसतो तो यामुळेच. =-(२^२) असा कंस घातला की दोन्हीकडे −४.

पूर्णांकाचंही तसंच. एक्सेलचं इंट −२.३ चे −३ करतं, प्रश्न ८ प्रमाणे. पायथनचं इंट दशांश भाग नुसता कापून −२ देतं. पायथनमध्ये चौकोनी कंसाचं फंक्शन हवं असेल तर मॅथ मोड्यूलमधलं फ्लोर वापरा.